बोका बसवताना

मराठीत 'इन्स्टॉल करणे'ला एक फार सोपा शब्द आहे. बसवणे. आपण गणपती बसवतो, घट बसवतो, बोअरवर मोटर बसवतो, दाराला कडी बसवतो. आम्हा आयटीवाल्यांच्या तोंडी हा शब्द येत नाही, आम्ही सरळ 'इन्स्टॉल मारतो'. पण आंबीला माझ्या मामांच्या शॉपवर गेलं की तिथे सगळे सर्व्हर 'बसवतात'. गंमत अशी की याच शब्दाचा दुसरा अर्थ बरोब्बर उलटा आहे. घसा बसतो, भिंत बसते, धंदा बसतो. त्यामुळे "सर्व्हर बसला" असं कोणी म्हटलं तर खूश व्हायचं की लॅपटॉप उघडायचा, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघूनच ठरवावं लागतं :-)

मला विचाराल तर ॲप्लिकेशन सर्व्हर बसवण्याचं सगळं शास्त्र या दोन अर्थांच्या मधल्या जागेत आहे. फाइल उतरवून घ्या, उघडा, स्टार्ट करा... दहा मिनिटांचं काम. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आपण एवढंच केलं, ब्राउझरमध्ये ते पिवळं मांजर दिसलं की सरांची सही घेतली आणि कँटीनला पळालो. पण आपण उठून गेल्यावर तो चालू राहील का? लाइट गेली तर? मशीनजवळ कॉम्प्युटर न शिकलेला माणूस असला तर? हे प्रॅक्टिकलच्या वहीत नव्हतं.

जे या फील्डमधले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे मंगल कार्यालय. हॉल, पाणी, वीज, मांडव, वाढपी सगळं त्यांचं. लग्न आपलं. आपण लिहिलेला प्रोग्रॅम हे लग्न. येणाऱ्यांना दारात घेणं, एकाच वेळी पन्नास जणांची पंगत उठवणं, डेटाबेसकडून ताटं मागवणं, कोण आत आलंय आणि कोण गेलंय ते लक्षात ठेवणं, ही कामं कार्यालयवाला बघतो. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस ही मोठी एसी कार्यालयं. आणि टॉमकॅट म्हणजे गावातलं साधं, फुकटात मिळणारं, पण टिकाऊ. शुद्धतावादी लोक म्हणतील की टॉमकॅट हा पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर नाहीच, तो नुसता सर्व्हलेट कंटेनर आहे. खरं आहे. पण आपल्याला हजार माणसांचं लग्न करायचंच नसेल तर?

टॉमकॅटच्या नावाची गोष्ट मला फार आवडते. सन कंपनीतल्या जेम्स डंकन डेव्हिडसनने तो लिहिला आणि १९९९ मध्ये सनने तो कोड अपाची फाउंडेशनला देऊन टाकला. ओ'रायली प्रकाशनाच्या पुस्तकांवर प्राण्यांची चित्रं असतात, तर आपल्या सॉफ्टवेअरवरही कधीतरी पुस्तक निघेल म्हणून त्याने प्राण्याचं नाव शोधलं. बोका का? तर बोका स्वतःची काळजी स्वतः घेतो, म्हणून. पुढे २००३ मध्ये पुस्तक निघालंही, पण बोक्याचं चित्र आधीच दुसऱ्या पुस्तकाला गेलेलं, म्हणून याच्या वाट्याला हिमबिबट्या आला. असो. चित्र काहीही असो, नावामागचा विचार मात्र पक्का आहे. स्वतःची काळजी स्वतः घेणारा. फक्त एक आहे, बोका तसा जन्मतो, सर्व्हरला तसं करून ठेवावं लागतं.

आता मामांकडे येतो. तळेगाव स्टेशनवरून नवलाख उंब्र्याच्या रस्त्याला लागलं आणि इंद्रायणी ओलांडली की आंबी. एकीकडे भातखाचरं, दुसरीकडे एमआयडीसीच्या शेड. मामांचं छोटं सीएनसी शॉप आहे, टर्निंगची कामं. बुश, पिना, स्पेसर. माल मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या मधल्या कंपनीला जातो, म्हणजे साखळीत मामा तिसऱ्या नंबरवर. तिसऱ्या नंबरवरच्या माणसाला कोणी थांबून विचारत नाही. पुढची लाइन उभी राहिली की ऑर्डर दुसरीकडे जाते, इतकं साधं.

काही वर्षांपूर्वी मामांनी एकाकडून स्टॉक आणि चलनाचं सॉफ्टवेअर करून घेतलं होतं. जावात लिहिलेलं, टॉमकॅटवर चालणारं, लिनक्सच्या मशीनवर. (लिनक्स म्हणजे कागदोपत्री युनिक्स नव्हे, पण १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी जे घराणं सुरू केलं त्यातलंच हे लेकरू. चालीरीती त्याच.) सॉफ्टवेअर बरं होतं. बसवणारा मात्र ते 'चालू करून' गेला होता, बसवून नाही. रोज सकाळी स्टोअरमधला एक पोरगा मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवरून तीन ओळी टाइप करायचा, मग टॉमकॅट उठायचा. तो पोरगा रजेवर गेला की फोनवरून टाइपिंग चालायचं. आणि हे सगळं रूट युजरने.

मग एका शनिवारी सर्व्हर बसला. दुसऱ्या अर्थाने. 'कॅटलिना डॉट आउट' नावाची लॉग फाइल वर्षानुवर्षं फुगत जाऊन डिस्क भरली होती. चलन निघेना. चलन नाही तर गाडी गेटबाहेर जात नाही, आणि पुढच्या कंपनीला माल संध्याकाळच्या शिफ्टला हवा होता. सॉफ्टवेअर देणाऱ्याचा फोन बंद. मामांनी मला फोन केला, मी घरूनच जुने लॉग उडवले, गाडी दोन तास उशिरा सुटली. मामा म्हणाले, "जाऊ दे, तू आहेस ना."

हे "तू आहेस ना" मला रात्रभर टोचत राहिलं. कारण मी नसणार आहे. येत्या काही महिन्यांत मी प्रोजेक्टसाठी दोन वर्षं जर्मनीला जातोय, आणि मामांना ते माहीत आहे. तरी ते तसं म्हणाले. बावीस माणसांचा पगार ज्या मशीनवरून निघणाऱ्या कागदावर अवलंबून आहे, ते मशीन माझ्या फोनवर अवलंबून ठेवून मी विमानात बसायचं? ते काही पटेना.

म्हणून एका गुरुवारी रजा टाकली. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, मामांचं शॉपही तेव्हाच बंद. नवीन मशीन घेतलं, डेबियन टाकलं, आणि सोबत स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना बसवून घेतलं. काका साठीला आलेले. सगळा स्टॉक त्यांच्या डोक्यात आणि एका लाल वहीत. मला लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे अजून 'भाचे' म्हणतात. माझी अट एकच होती: मी जे करीन ते काकांना कळलं पाहिजे, आणि त्यांनी ते त्यांच्या शब्दांत वहीत लिहिलं पाहिजे.

पहिलं काम, वेगळा युजर. टॉमकॅट नावाचा युजर बनवला, ज्याला लॉगिनच करता येत नाही. काकांनी विचारलं, "रूट असताना हा कशाला?" मी म्हटलं, "काका, वॉचमनकडे गेटची किल्ली असते, तिजोरीची देता का?" बाहेरून कोणी टॉमकॅटमध्ये घुसलाच तर त्याच्या हाती वॉचमनची किल्ली लागावी, मालकाची नाही. युनिक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला रूटचा अधिकार लागतो, म्हणूनच टॉमकॅट मुळात ८०८० वर बसतो. तो आकडा गंमत म्हणून आलेला नाही. काकांनी वहीत लिहिलं: "वॉचमन वेगळा."

दुसरं, जागा. टॉमकॅटचा कार्यक्रम एका फोल्डरमध्ये आणि आपली सेटिंग्ज, आपलं ॲप, आपले लॉग दुसऱ्या फोल्डरमध्ये. यालाच कॅटलिना होम आणि कॅटलिना बेस म्हणतात. नव्वद टक्के लोक दोन्ही एकत्र ठेवतात आणि मग नवीन व्हर्जन टाकताना आपलीच सेटिंग्ज पुसून बसतात. वेगळं ठेवलं की व्हर्जन बदलणं म्हणजे एक सिमलिंक दुसरीकडे वळवणं. मशीन तेच, फक्त चक बदलला. हे काकांना माझ्याआधी कळलं.

व्हर्जनचाही एक घोळ असतो. ॲप जुनं, त्यातली सगळी नावं 'जावाएक्स'ने सुरू होणारी. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवली, पण नावाचे हक्क स्वतःकडे ठेवले, म्हणून पुढे सगळं 'जकार्ता' झालं. टॉमकॅट १० पासून फक्त जकार्ता चालतं. जुनं ॲप त्यावर तसंच ठेवलं तर उठतच नाही. म्हणून इथे टॉमकॅट ९ आणि जावा १७. नवीन ते चांगलं, हा नियम इथे लागू नाही. जे ॲपला बसतं ते चांगलं.

तिसरं, साफसफाई. टॉमकॅटबरोबर उदाहरणादाखल ॲप येतात, मॅनेजर येतो, ते सगळं काढलं. ८००५ नंबरच्या पोर्टवर 'शटडाउन' एवढा एक शब्द पाठवला की टॉमकॅट बंद होतो. ते पोर्ट फक्त त्याच मशीनवरून उघडं असतं हे खरं, पण गरज नसेल तर बंदच केलेलं बरं. ८००९ वर एजेपी नावाचा मागचा दरवाजा असे. त्यातूनच २०२० मध्ये 'घोस्टकॅट' नावाचं भगदाड सापडलं, बाहेरचा माणूस त्यातून सर्व्हरवरच्या फाइली वाचू शकत होता. तेव्हापासून तो मुळातच बंद येतो. तरी उघडून पाहिलं. बंद होता.

चौथं, लॉग. रोजची फाइल वेगळी, जुन्या दाबून ठेवायच्या, तीस दिवसांनी उडवायच्या. ज्या एका गोष्टीने गाडी दोन तास गेटवर उभी राहिली, तिचा इलाज दहा ओळींचा होता. च्यायला, दहा ओळी!

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपोआप उठणं. पूर्वी यासाठी 'इनिट डॉट डी'मध्ये स्क्रिप्ट टाकायचे, आता बहुतेक लिनक्सवर सिस्टमडी आहे. त्याला एका छोट्या फाइलीत सांगायचं की आधी नेटवर्क, मग डेटाबेस, मग टॉमकॅट, आणि हा पडला तर तूच उठव. क्रम महत्त्वाचा. डेटाबेस उठायच्या आत ॲप उठलं तर रिकाम्या स्वयंपाकघरात पंगत बसवल्यासारखं होतं.

इथवर झालं आणि काकांनी टेस्टिंगसाठी एक चलन काढलं. स्क्रीनवर सगळं नीट. 'पितळी बुश, जाड वॉशर.' प्रिंटरमधून कागद आला, त्यावर नुसती प्रश्नचिन्हं. काका म्हणाले, "भाचे, ही काय प्रश्नपत्रिका?"

हा प्रकार मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिला असेल, आणि त्याचं कारण मोठं बोलकं आहे. जावा १७ पर्यंत फाइल लिहिताना अक्षरांची पद्धत सांगितली नसेल तर जावा ती मशीनच्या भाषेच्या सेटिंगवरून ठरवते. मशीनची सेटिंग होती 'सी', म्हणजे मूळ युनिक्सची, फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणारी. मी लॅपटॉपवरून लॉगिन करून हाताने टॉमकॅट सुरू केला की माझ्या लॅपटॉपची यूटीएफ-८ सेटिंग माझ्याबरोबर आत जाते आणि मराठी नीट छापलं जातं. मशीनने स्वतः सुरू केला की बरोबर कोणीच नसतं, मग देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्ह. आणि प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत येत नाही बरं का, कुठला बुश आणि कुठला वॉशर ते कागदाला आता कायमचं माहीत नाही. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ सेटिंग झालंय, पण आपण १७ वर आहोत. उपाय: सर्व्हिसच्या फाइलीत भाषा स्पष्ट लिहायची. एक ओळ.

मला यात तांत्रिक भागापेक्षा दुसरंच जाणवलं. हाताने सुरू केलेला सर्व्हर मराठी बोलत होता तो माझ्या जिवावर. माझी भाषा, माझं सेटिंग, माझं लॉगिन. मी बाजूला झालो की तो मुका. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे आम्ही ऑफिसात दिवसातून चारदा म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच की तुमच्याकडून काहीतरी उसनं घेऊन ते चालतंय. काय उसनं घेतलंय ते शोधून त्याला त्याचं स्वतःचं द्यायचं, यालाच बसवणं म्हणायचं.

शेवटी परीक्षा. मी मामांना म्हटलं, "मेन स्विच पाडा." मामा बघतच राहिले. "अरे, नवीन मशीन आहे." मावळातला पावसाळा तुम्हाला माहीत असेल तर कळेल, लाइट जाणार का हा प्रश्न नसतो, कितीदा जाणार हा असतो. यूपीएस आहे, पण तो किती वेळ तग धरणार? तेव्हा जे जुलैमध्ये रात्री दोन वाजता होणार, ते आज दुपारी सगळे समोर असताना होऊ दे. मामांनी यूपीएसची वायर काढली आणि स्विच पाडला. शॉपमध्ये शांतता. मिनिटभराने परत चढवला.

मशीन आपोआप सुरू झालं, कारण बायोसमध्ये 'वीज परत आली की चालू हो' ही सेटिंग आधीच करून ठेवली होती. ही एक गोष्ट लोक हमखास विसरतात, मग बाकी सगळं ऑटोमॅटिक असूनही मशीन बटण दाबणाऱ्याची वाट बघत बसतं. डेटाबेस उठला, टॉमकॅट उठला. सव्वादोन मिनिटांत काकांच्या समोर लॉगिनचं पान. कोणी कीबोर्डला हात लावला नव्हता. काकांनी चलन काढलं, 'पितळी बुश' स्वच्छ मराठीत.

मामांनी विचारलं, "मग आता तुझं काय काम?" मी म्हटलं, "काहीच नाही, तेच तर पाहिजे होतं." ते हसले, पण पूर्ण नाही. मला कळलं ते. "तू आहेस ना" मध्ये नुसता सर्व्हर नव्हता. तो भाग सिस्टमडीला बसवता येत नाही. त्यासाठी दर रविवारी फोन करायचा, एवढं ठरवलंय.

चहा पिताना मी मामांना सांगत होतो की या धंद्यात मालक किती बदलतात. वेबलॉजिक १९९८ मध्ये बीईएने घेतला, २००८ मध्ये बीईएलाच ओरॅकलने घेतलं. जेबॉस २००६ मध्ये रेड हॅटकडे गेला, आणि रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमकडे. मामा म्हणाले, यात नवीन काय? याच तळेगाव पट्ट्यात २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये तो ह्युंदाईकडे गेला. "पाटी बदलते रे. ज्याला काम येतं तो त्याच रस्त्याने कामाला जातो." बरोबरच आहे. ज्याला पोर्ट, परवानगी, लॉग आणि क्रम या चार गोष्टी कळल्या, त्याला उद्या कुठलाही सर्व्हर द्या, तो बसवेल.

काकांच्या लाल वहीत आता तीन पानं सर्व्हरची आहेत. कमांड इंग्रजीत, कारणं मराठीत. मी लिहिलेली अठरा पानांची फाइलही मशीनवर आहे, पण ती कोणी उघडेल असं वाटत नाही. गेल्या आठवड्यात टॉमकॅटचं छोटं अपडेट आलं, ते काकांनी वही समोर ठेवून स्वतः टाकलं. मी फोनवर होतो, पण एकदाच बोललो, तेही "चहा झाला का" विचारायला.

ही वही चोरण्यासारखी आहे मंडळी. तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरची अशी वही आहे का बघा. नसेल तर एखाद्या शांत दुपारी, सगळे समोर असताना, स्विच पाडून बघा... म्हणजे आधी मॅनेजरला विचारून बरं का :-)

बॅकअपचं राहिलं. तो विषय मोठा आहे, पुढच्या वीकेंडला.